हजार वॉटचा फुगा

सेकंडहँड स्विफ्ट दारात आली आणि पहिल्याच पगारात मी ॲम्प्लिफायर बसवला. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत १००० वॉट! दुकानदाराने गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला. ‘बघा सर, काय वाजतंय!’ आपण खूश. तिसऱ्या वीकएंडला ताम्हिणी घाटात डाव्या दारातून आधी फरफर आणि मग जळका वास. स्पीकरची कॉइल गेली. ‘सर, स्पीकरच हलका होता.’ हे दुकानदाराचं निदान.

घरी येऊन ॲम्पवरचा फ्यूज बघितला. ३० अँपिअर. गाडी चालू असताना मिळतात साधारण १४ व्होल्ट. गुणाकार केला, ४२० वॉट. आत एवढेच शिरणार, त्यातले जवळपास निम्मे उष्णतेत जाणार, तर हजार बाहेर पडणार कुठून? तो आकडा ‘पीक’चा. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे सतत देता येईल ती पॉवर. माझ्या ॲम्पच्या माहितीपुस्तिकेत तो बारीक टायपात सापडला: चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॉट. अमेरिकेत २००३ मध्ये यासाठी सीईए-२००६ नावाचं स्टँडर्ड आलं (२००६ हे साल नव्हे, नुसता नंबर!). १४.४ व्होल्ट, ४ ओहम, डिस्टॉर्शन जास्तीत जास्त १ टक्का. खोक्यावर ते दिसलं तर आकड्यावर विश्वास ठेवा.

आणि गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही हो! स्टिरिओकडून सिग्नल किती व्होल्टचा येतोय, कुठे २, कुठे ४, त्याच्याशी ॲम्पचं जुळवून देणारा तो स्क्रू. जास्त पिळला की सिग्नलचे शेंडे छाटले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. आवाज फाटतो, कॉइल तापते. माझी तशीच गेली.

आता साधा मल्टिमीटर घ्या. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडवा. बेस बूस्ट आणि क्रॉसओव्हर बंद, इक्वलायझर सपाट, गेन शून्यावर, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. ५०च का? घरच्या लाइनची फ्रिक्वेन्सी तीच, तिथे स्वस्तातला मीटरही खरं बोलतो. मग वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. एसी व्होल्टवर मीटर तेवढं दाखवेपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा. स्पीकरचे आरएमएस वॉट ॲम्पपेक्षा कमी असतील, तर हिशोबात ते धरा.

माझा स्क्रू अर्ध्याच्याही आधी थांबला. नवा स्पीकर बसवून परवा त्याच घाटात गेलो. शेजारच्या सीटवरून एकच तक्रार आली, गाण्यांच्या निवडीबद्दल.