सल्ला दवाखान्यात, सवय घरात



जुन्या शहरातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात सकाळी जा, रक्तदाब नि साखरेच्या गोळ्या घेणारांची रांग दिसेलच. गोळ्यांसोबत "मीठ कमी करा, चाला, खर्रा सोडा" एवढा सल्लाही मिळतो. तो देणाऱ्यांना स्वतःला त्याविषयी काय वाटते, हे आम्ही मुद्दाम विचारले.

पहिले उत्तर बहुतेकांचे एकच. सांगून उपयोग नाही, लोक ऐकत नाहीत. एका डॉक्टरसाहेबांनी मात्र मोकळेपणाने सांगितले की, एका पेशंटला दोन मिनिटे मिळतात. तेवढ्यात गोळी लिहून होते, वीस वर्षांची सवय सुटत नाही. सिस्टरबाईंची अडचण वेगळी. नवऱ्याच्या दारूविषयी त्याच्यादेखत बाईला विचारायचे कसे? आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा फॉर्म घरोघर भरतात. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम सारे आहे. पण दारात उभे राहून खरे कोण सांगतो?

त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण लोक ऐकत नाहीत, हे आम्हास मान्य नाही. डाळमिलमध्ये दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला रोज अर्धा तास चालायला सांगितले तर तो हसेल नाहीतर काय! त्याला सांगायचे ते हे की, शिदोरीत ठेचा, लोणचे, पापड यांपैकी एकच ने आणि भाजीवर वरून मीठ घेऊ नको. दिवसाचे सारे मीठ पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्यात बसले पाहिजे. खर्ऱ्याचेही तसेच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानटपरीवर घोटून मिळतोच. माणूस तो भूक मारायला खातो की रात्रपाळीत झोप उडवायला, हे विचारल्यावाचून "सोडा" म्हणण्यात अर्थ नाही.

संयुत्तनिकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी मात्रा राखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितले. त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचे जेवण उतरले, अंग हलके झाले. भगवंतांचा सल्ला एकदाच झाला; आठवण रोज होती, तीही ताटाजवळ. आणि आठवण देणाऱ्याला मोल होते! आमच्या आशाताईंना पगार नाही, मोबदला आहे. तो वाढावा म्हणून त्यांना ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यभर संप करावा लागला.

आता ताटाजवळची आठवण आमच्या माताभगिनींनीच द्यावी, पण त्यांच्या एकट्यांच्या माथी हे ओझे नको. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सारे जमतातच. महिला मंडळांनी आठवड्यातून एक दिवस सिस्टरबाईंना व आशाताईंना तेथे बोलवावे. वाचनाआधी रक्तदाब मोजून घ्यावा. बाया वेगळ्या बसल्या की दारूचा प्रश्नही विचारता येईल. पुरुषांनीही यावे, खर्रा बाहेर थुंकून आत पंचशील घेणाऱ्यांनी तर पहिल्या रांगेत बसावे.

बोलावण्याचा अर्ज नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे करावा, त्यावर मंडळाच्या पाच जणींच्या सह्या असाव्यात आणि पोच घ्यावी. ज्यांना मजकूर जमत नसेल त्यांना आम्ही लिहून देऊ.