गाडीतला फ्रिज घेऊ का? आधी बर्फाची पेटी घ्या!

उन्हाळ्यात तोरणमळच्या वाटेवर पर्यटकांना थंड पाणी, ताक विकायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, "सर, गाडीतला फ्रिज घेऊ का?" माझं स्पष्ट मत: पहिल्या सीझनला नको.

ही चूक मी स्वतः केलीय. स्वस्त मिळाला म्हणून लायटरच्या सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा कूलर घेतला. त्यात कॉम्प्रेसर नव्हता. असा कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. आपल्या ब्राह्मणपुरीत मे महिन्यात ४२ अंश असलं, तर आत २२ च्या खाली काही येत नाही! ताक आंबलं. पैसे गेले, गिऱ्हाईकही गेलं.

कॉम्प्रेसरचा फ्रिज खरंच थंड करतो. पण तो ४५-६० वॅट खेचतो. इंजिन बंद ठेवून रात्रभर गाडीच्या बॅटरीवर चालवला, तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधा! शिवाय भांडवल अडकतं ते वेगळंच.

जाड भिंतीच्या बर्फाच्या पेटीचा हिशेब बघा. १ किलो बर्फ नुसता वितळताना सुमारे ४ लिटर पाणी २० अंशांनी गार करतो. फक्त बाटल्या घरूनच थंड करून भरा, पेटी सावलीत ठेवा, झाकण सारखं उघडू नका.

रोज दूध-पनीर पोचवायची ऑर्डर पक्की झाली, की कॉम्प्रेसर जरूर घ्या. तोपर्यंत माल गार ठेवा, भांडवल गोठवू नका.