डुकराचा गर्भ, घशातला चौक आणि आपले बाळ

डुकराचे नाव निघाले की नाक मुरडायचे, ही आपल्या समाजव्यवस्थेची जुनी खोड. ज्यांनी या जनावराचा विटाळ मानला, त्यांनी ते सांभाळणाऱ्या माणसांचाही मानला. विज्ञानाला असला विटाळ ठाऊक नाही. अमेरिकेतील अनेक शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थी डुकराच्या मृत गर्भाचे विच्छेदन करून शरीररचना शिकतात. कत्तलखान्यात कापलेल्या गाभण डुकरिणीच्या पोटातून हे गर्भ मिळतात. डुक्कर सस्तन प्राणी असल्याने त्याची आतली रचना आपल्याशी बरीच जुळते.

जबड्याचे कोपरे कापून तोंड उघडले की आडव्या वळ्यांची कडक टाळू दिसते, तिच्यामागे मऊ टाळू. जिभेच्या मुळाशी एक लवचीक झडप उभी असते. झडपेला लागून श्वासनलिकेचे तोंड आणि त्याच्या लगेच मागे अन्ननलिकेचे. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांमुळे उघडी राहते. अन्ननलिका मऊ, मिटलेली. नाकातली हवा पुढच्या नळीत जाते, तोंडातला घास मागच्या. म्हणजे दोन्ही वाटा घशातल्या एकाच चौकात एकमेकींना छेदतात.

माणसाच्या बाळातही हाच चौक आहे. गिळताना श्वास क्षणभर थांबतो आणि श्वासनलिकेचे तोंड मिटते. अंगावर पिणारे बाळ चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे हा ताल स्वतः सांभाळते. आडव्या बाळाच्या घशात बोंडल्याने गुटी ओतली की तो ताल बिघडतो. त्यातून बाळ रडत असेल तर ते जोराने श्वास ओढत असते. गुटी थेट फुप्फुसाकडे जाऊ शकते. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण बाळावर तर मुळीच चालवू नये.

नाकात तेल सोडण्याचेही तेच. पाणी चुकीच्या वाटेने गेले तर ठसका लागतो. तेल मात्र बऱ्याचदा ठसका न लागताच खाली उतरते. फुप्फुसाला ते सहजी बाहेर टाकता येत नाही आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

आजी-आत्यांच्या मायेबद्दल आम्हाला शंका नाही. पण माया आहे म्हणून रीत बरोबर ठरत नाही. ती तपासूनच घ्यावी लागते. पहिले 6 महिने फक्त आईचे दूध, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाला चोखता येत नसेल तर डॉक्टर किंवा परिचारिकेकडून शिकून, डोके उंच धरून, घोट घोट दूध पाजावे. बाळाचा श्वास भराभर चालला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर पडले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

घशातल्या या चौकाचे एक साधे चित्र प्रत्येक अंगणवाडीच्या आणि प्रसूतिगृहाच्या भिंतीवर असावे, अशी आमची मागणी आहे. ते होईपर्यंत हे पान घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.