मावशी, तू सांगत का नाहीस?

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुण्याहून अंबाजोगाईला मावशीकडे गेलो होतो. शेजारच्या काकूंना स्तनात गाठ आहे. दुखत नाही म्हणून सहा महिने अंगावर काढली. "कॅन्सर निघाला तर संपलंच की रे," म्हणाल्या.

तिथंच चहा गाळणारी माझी मावशी गप्प! बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात याच कॅन्सरचं तिचं ऑपरेशन होऊन १६ वर्षं झाली. गल्लीत कुणाला पत्ता नाही. का, तर मुलींच्या सोयरिकी जमायच्या होत्या.

माझा राग इथंच आहे. गेलेल्यांची नावं गावाला पाठ, जगलेल्या मात्र लपून. मग धीर यायचा कुठून? आकडे आहेत हो. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी! पण काकूंना आकडा नको होता, माणूस हवा होता.

रात्री मावशीशी भांडलो. (जरा जास्तच बोललो.) रविवारी सकाळी ती काकूंकडे गेली, दार लावून घेतलं. तासाभरानं काकूच विचारत आल्या, बार्शीची पहिली एस्टी किती वाजता?