मुद्रेचा अधिकार
प्राचीन इराणातल्या कोरीव रत्नमुद्रा संग्रहालयात दागिन्यांसारख्या शोभतात, पण त्यांना दागिनेच समजले तर त्यांचे निम्मे मोल हातचे जाते. अकीकासारख्या कठीण दगडावर उलटी कोरलेली आकृती ओल्या मातीवर उमटली, की धान्य, मद्य आणि मजुरांच्या शिध्याचे हुकूम पक्के होत. पर्सेपोलिसच्या तटबंदीत 1933 मध्ये सापडलेल्या हजारो मृत्तिकापट्टिका याची साक्ष देतात. तिथला मुख्य कारभारी पर्नक याने इ.स.पू. 500 मध्ये मुद्रा बदलली, तेव्हा आधीची गेली, आता हीच माझी, असे त्याला लेखी कळवावे लागले. यावर कोणी म्हणेल, मग मुद्रा म्हणजे नुसती सही. चित्रात अर्थ कशाला शोधायचा? सिंहाशी झुंजणारा वीर तर कितीतरी मुद्रांवर दिसतो. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याच पट्टिकांवरची दुसरी एक मुद्रा त्याला उत्तर देते. तिच्यावर शत्रूला भाल्याने भोसकणारा घोडेस्वार आहे आणि अन्शानचा कुरुश, तेइस्पेसचा पुत्र, असे नाव आहे. हा कुरुश त्या वेळच्या इराणी सम्राट दरायसच्या काही पिढ्या आधीचा; तरीही दरायसच्या काळात राजाच्या खानपानाच्या नोंदींवर तिचा ठसा उमटत होता. नुसती सही माणसाबरोबर संपते. ही मुद्रा टिकली, कारण पराक्रमाचे चित्र आणि वंशाचे नाव तिने एकत्र बांधले होते. वीराची प्रतिमा अनेकांनी निवडली, यातही तिचे बळच दिसते: शिध्याच्या साध्या हिशेबालाही ती राजसत्तेचे पाठबळ देत होती.