पिकअपमधल्या मजुराचा विमा कुठे आहे?

भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे पिकअप नाहीतर टेम्पोत बसून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. भांडीकुंडी, सरपण, लेकरे सगळे एकाच गाडीत. ही गाडी घाटात उलटली तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न निघण्याआधी कोणी विचारत नाही. पाड्यांवर फिरताना आम्हाला एकच समज ऐकू येतो: विमा म्हणजे पोलिसांनी अडवले की दाखवायचा कागद.

हा समज महागात पडतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो गाडीवाल्यासाठी नसून गाडीमुळे ज्याचे नुकसान होते त्याच्यासाठी आहे. रस्त्याने चालणाऱ्याला गाडीने उडवले तर या विम्यातून भरपाई मिळते. मात्र मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितले. मालाचा मालक, त्याचा प्रतिनिधी आणि गाडीमालकाचे कामगार एवढ्यांनाच कायद्याने संरक्षण आहे. बाकीच्यांचा दावा गाडीमालकावर आणि चालकावर जातो. त्यांच्याकडे पैसा नसेल तर न्यायाधिकरणाचा निकाल हातात राहतो, रक्कम मिळत नाही.

प्रवासी जीपचेही तसेच. पॉलिसीत जितक्या प्रवाशांची नोंद, तितक्यांपुरतीच कंपनीची जबाबदारी, असा 2007 चा निकाल आहे. टपावर आणि मागे लटकून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

परवान्याबाबत मात्र गरीब चालकाच्या बाजूने दोन गोष्टी घडल्या. व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पासची अट होती. ती 2019 मध्ये निघाली. शाळा सुटलेल्या पोरांना त्यामुळे रोजगाराची वाट मोकळी झाली. दुसरे, 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक एकूण 7,500 किलोपर्यंत वजनाचे व्यावसायिक वाहन चालवू शकतो. म्हणजे एवढ्याच कारणावरून कंपनीला आता दावा नाकारता येणार नाही.

तरीही परवान्याविना गाडी चालवणारे तरुण कमी नाहीत. एमएच 48 ही पाटी वसईच्या आरटीओची; मोखाड्याहून तिकडे जायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो. शिकाऊ परवाना 2021 पासून आधार क्रमांकावर घरबसल्या मिळतो, पण पाड्यावर नेटवर्क नसेल तर काय करायचे? परवान्याविना चालवल्यास 5,000 आणि विम्याविना पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. तो संपला की नूतनीकरण राहून जाते, आणि अशाच जुन्या दुचाकी पाड्यांवर विकत घेतल्या जातात.

कार्यकर्त्या मित्रांनो, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपल्या वस्त्यांमधूनही टेम्पो भरून निघतात. तेव्हा हा प्रश्न फक्त आदिवासी बांधवांचा नाही. गाडी ठरवताना ती प्रवासी वाहतुकीची आहे ना, हे आधी विचारावे. गाडीचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकून विम्याची मुदत बघावी. पॉलिसी आणि चालकाच्या परवान्याचा फोटो एकाने मोबाईलमध्ये ठेवावा. अपघात झालाच तर गुन्ह्याची नोंद आणि विम्याचा क्रमांक घेऊन सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात ही मुदत आली आहे. धडक देऊन गाडी पळून गेली, तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपयांची तरतूद आहे.

आमची प्रशासनाकडे मागणी साधी आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही ठिकाणी परवान्यासाठी नियमित शिबिरे भरावीत, आणि भट्टीमालकाने मजुरांना प्रवासी वाहनातूनच न्यावे, यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच तपासणी व्हावी. दंडाची पावती फाडून मजूर सुरक्षित होत नाही.