गोळी ढकलत नाही, भेदते

चित्रपटात गोळी सुटते आणि खलनायक चार हात मागे फेकला जातो. ही करामत गोळीची नसते, अंगाला बांधलेल्या तारेची असते. पाहून पाहून हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, ‘पडला नाही म्हणजे फारसे लागले नसावे’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो जिवावर बेतू शकतो.

धक्का किती बसणार हे संवेगावर, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची. वेग सेकंदाला सुमारे ३६० मीटर. ती ७० किलोच्या माणसाच्या शरीरात रुतून थांबली, तरी त्याला सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर वेग मिळेल. नागपुरात मिहानजवळच्या जामठा मैदानावर वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या चेंडूचा संवेग याच्या दुपटीहून अधिक असतो. तरी चेंडू अंगावर बसलेला फलंदाज उडून यष्ट्यांवर आदळत नाही. शिवाय क्रियेइतकीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम आहेच. गोळीने समोरचा उडत असता, तर झाडणाराही मागे उडाला असता.

मग गोळी घातक का? कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या गोळीची ऊर्जा त्या चेंडूच्या सुमारे चौपट असते, आणि ती नखाएवढ्या जागेत उतरते. त्वचा, रक्तवाहिन्या, अवयव फाटतात. मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाली, पायाचे हाड मोडले, तर माणूस कोसळतो. पण तो जागच्या जागी, कोणत्याही दिशेला. म्हणून केवळ पडण्याच्या दिशेवरून गोळी कुठून आली हे सांगता येत नाही. उलट, हृदयाला गोळी लागल्यावरही मेंदूतील उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद धावू शकतो. पोटात रक्तस्राव होत असलेला जखमी तर बराच वेळ उभा राहून बोलू शकतो.

तेव्हा जखमी उभा आहे की आडवा, यावर काहीच ठरवू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, आत रुतलेले काही उपसू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा. नागपूरकरांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिहानमध्ये एम्सही उभे राहिले आहे. पण तिथवर पोहोचण्याआधीची मिनिटे जवळ असलेल्यांच्याच हाती असतात.

‘आधी पोलीस, मग उपचार’ हा समजही सोडायला हवा. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले की, जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. कायदेशीर सोपस्कार नंतर. या निकालाचा ठळक फलक प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लागायला हवा.